रॅकेटची तांत आणि खेळणाराचा हात

तंबोरा नीट लागला नसेल, तर उत्तम गवयाचेंही गाणें रंगत नाहीं, ही गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांच्या अनुभवाची असेल. परंतु तींच माणसें टेनिसच्या मैदानाशेजारीं बसून एखाद्या मुलाचा चेंडू वारंवार जाळींत अडकतांना पाहतात, तेव्हां त्या मुलाच्या हाताला, डोळ्याला आणि कधीं कधीं त्याच्या वळणालाही दोष देतात. त्याच्या हातांतील रॅकेटकडे मात्र कोणाची दृष्टि वळत नाहीं. ही चूक आम्ही परक्यांची म्हणून सांगत नाहीं. ती आमच्याच हातून घडली, आणि तिचें प्रायश्चित्त आमच्या नातीच्या कोपराला भोगावें लागलें. तें कसें, हें आरंभींच सांगणें प्राप्त आहे.

आमची नात बारा वर्षांची. गेल्या वर्षीं शाळेच्या स्पर्धेंत तिनें बरें यश मिळविलें, म्हणून घरांतील सर्वांनीं मिळून तिला नवी रॅकेट घेऊन दिली. दूरचित्रवाणीवर जगज्जेत्यांच्या हातीं दिसते तशीच ती होती; चौकट ताठ, आणि तींत पॉलिएस्टरची काळी तार. गटिंग करणारानें "ताण किती ठेवूं?" म्हणून विचारलें, तेव्हां आम्ही पुढें सरसावलों. १९७० नंतरच्या दशकांत पुण्यास आम्ही लाकडी रॅकेटनें खेळत असूं. त्या काळीं तारांची वीण बोटानें वाजवून पाहावी, आणि तिचा स्वर चढा निघाला कीं रॅकेट उत्तम समजावी, असा आमच्या मंडळींचा सिद्धांत होता. त्याच बळावर आम्हीं सांगून टाकलें, "साठ पौंड ठेवा. सैल तारेनें फटक्याला जोर येत नाहीं."

पहिल्या आठवड्यापासूनच पोरीचा चेंडू आंखूड पडूं लागला. आम्ही म्हणालों, जोरानें मार. ती जोरानें मारूं लागली. दीड महिना लोटतो न लोटतो तोंच तिचें कोपर दुखूं लागलें. पाण्याचा तांब्या उचलतांनाही ती तोंड वांकडें करी. शेवटीं एके संध्याकाळीं रॅकेट कोपऱ्यांत ठेवून ती म्हणाली, "आजोबा, मला आतां खेळायचें नाहीं. माझ्यांत जोरच नाहीं."

आमची धाकटी सून डॉक्टर आहे. तिनें मुलीचा हात तपासला, कांहीं आठवडे विश्रांति सांगितली, आणि मग आम्हांकडे वळून ती म्हणाली, "मामंजी, हिच्या हाताला काय झालें आहे तें मी पाहीन, पण हिच्या हातांत काय दिलें आहे, तें तुम्ही पाहा." त्या एका वाक्यानें आम्हांस अभ्यासाला बसविलें. त्यांतून जें हातीं लागलें, तें मुलांना रॅकेट घेऊन देणाऱ्या प्रत्येक घरास उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रामाणिक तार आणि बुडव्या चेंडू

रॅकेट आणि चेंडू यांची भेट किती अल्प असते, हें प्रथम ध्यानीं घ्यावें. ती एका सेकंदाच्या सुमारें दोनशेंव्या भागाइतकी. डोळ्याचें पातें लवण्यापूर्वींच सारा व्यवहार आटोपलेला असतो. एवढ्या वेळांत दोन पदार्थ दबतात: एक तारांची वीण, आणि दुसरा स्वतः चेंडू. दबलेली वस्तु पूर्ववत् होतांना घेतलेली ऊर्जा परत करते. परंतु उसनें घेणारीं सगळींच माणसें जशीं सारख्या सचोटीचीं नसतात, तसेंच या दोघांचें आहे. तारा घेतलेल्या ऊर्जेपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक परत देतात. चेंडू मात्र मोठा बुडव्या आहे. खेळाच्या नियमाप्रमाणें कठीण पृष्ठभागावर १०० इंचांवरून सोडलेला नेहमींचा चेंडू ५३ ते ५८ इंच उसळला पाहिजे. म्हणजे शेंकडा पंचेचाळीसच्या आसपास ऊर्जा तो गिळून बसतो, आणि तसें करण्यास नियमाचीच संमति आहे!

आतां तारा सैल असल्या, तर त्या अधिक दबतात आणि चेंडू कमी दबतो. ठेव प्रामाणिक सावकाराकडे राहते आणि परत मिळते. तारा फार ताणल्या, तर त्या हलत नाहींत. सारा दाब चेंडूवर येऊन तो चपटा होतो, आणि ठेव बुडते. म्हणून सैल तारेनें चेंडूला वेग अधिक, आणि ताठ तारेनें कमी, हा खरा न्याय आहे. आम्ही आयुष्यभर मानीत आलों तें याच्या नेमकें उलट होतें. वेगांतला हा फरक पाहूं गेलें तर लहानच. परंतु सैल तारेवरून चेंडू किंचित् चढ्या कोनानें निघतो, त्यामुळें तो लांब जाऊन पडतो. बारा वर्षांच्या मुलीच्या हातीं साठ पौंडांची ताठ वीण देऊन आम्हीं तिचा चेंडू जाळींत घातला, आणि वर तिलाच जोर कमी म्हणून बोल लावला.

मग मोठमोठे खेळाडू तारा ताणून कां घेत, असा प्रश्न येईल. स्वीडनचा ब्योन बोर्ग आपल्या लाकडी रॅकेटची वीण ऐंशी पौंडांच्या आसपास ताणवीत असे. तें वेगासाठीं नव्हे. वेग त्याच्या अंगांतच होता. त्याला हवा होता तो ताबा. ताठ विणीवरून चेंडू कोठें जाईल, याचा अदमास अधिक नेमका येतो. ज्याच्यापाशीं वेगाची श्रीमंती आहे, तो ताण वाढवून खर्चाला लगाम घालतो; ज्याच्यापाशीं ती नाहीं, त्यानें त्याचें अनुकरण करणें म्हणजे उपाशी माणसानें श्रीमंताचें पथ्य पाळण्यासारखें आहे.

आतड्याची तांत आणि पावसाळा

रॅकेटची मूळची तार म्हणजे जनावराच्या आतड्याची तांत. फ्रान्समधील लिओं शहरीं पिएर बाबोला यानें १८७५ सालीं टेनिसकरितां अशी तांत तयार केली. मेजर विंगफील्ड यानें इंग्लंडांत या खेळाचें पेटंट घेतलें तें १८७४ सालीं, आणि विंबल्डनचे पहिले सामने झाले ते १८७७ सालीं. म्हणजे तांत आणि खेळ हीं जवळजवळ जुळीं भावंडें होत. मऊपणा, उसळी आणि ताण टिकविण्याची शक्ति या तिन्ही गुणांत आजतागाईत तिची बरोबरी कोणत्याही कृत्रिम तारेस पुरती साधलेली नाहीं. दोष दोन: ती महाग, आणि ओलावा तिला सोसत नाहीं. पावसाळी हवेंत ती फुगते, तिचे धागे सुटूं लागतात. आमच्या लहानपणीं तर लाकडी चौकटही दमट हवेनें वांकडी होई, म्हणून खेळ संपतांच ती चार स्क्रूंच्या लाकडी चापांत आवळून ठेवावी लागे.

आमच्या मातोश्रींस ही तांत कशाची करतात हें समजलें, तेव्हांपासून ती रॅकेट ओसरीवरच्या खुंटीपलीकडे कधींही आली नाहीं. आम्हीं एकदां पखवाजाच्या कातड्याचा दाखला देऊन पाहिला. त्या म्हणाल्या, "पखवाज देवापुढें वाजतो. तुझी ही वस्तु कोणापुढें वाजते?" यावर उत्तर आम्हांस तेव्हांही सुचलें नाहीं. आज नायलॉनच्या अनेक सूक्ष्म तंतूंची केलेली मऊ तार मिळते. ती तांतेच्या गुणांस बरीच जवळ जाते, पावसाला भीत नाहीं, आणि ओसरी ओलांडून आंतही येऊं शकते.

लाकूड गेलें आणि खेळ बदलला

लाकडी रॅकेट चौदा औंसांच्या आगेंमागें वजनाची असे, आणि तिच्या विणीचें क्षेत्र सत्तर चौरस इंचांच्या आंतबाहेर. त्याहून मोठी चौकट लाकडाची केली, तर ती ताणाखालीं टिकणें कठीण. चेंडू मधोमध बसला तर हाताला कळतही नसे. दोन बोटें बाजूला बसला कीं रॅकेट मुठींत फिरे आणि मनगटाला हिसका बसे.

हा हिसका हावर्ड हेड नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थास फार सहन होईना. बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या धातूच्या करून त्यानें पूर्वींच नांव मिळविलें होतें. उतारवयांत तो टेनिसकडे वळला, पण खेळ कांहीं जमेना. त्यानें दोष स्वतःला न देतां रॅकेटला दिला, आणि तो बरोबर ठरला! चौकट रुंद केली, तर बाजूला बसलेल्या चेंडूनें ती कमी फिरते, हें ओळखून त्यानें मोठ्या विणीची धातूची रॅकेट केली आणि १९७६ सालीं तिचें पेटंट मिळविलें. जुन्या खेळाडूंनीं तिची थट्टा केली. परंतु १९७८ सालीं पॅम श्रायव्हर ही सोळा वर्षांची मुलगी तीच मोठी रॅकेट घेऊन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊन पोंचली, आणि थट्टा मागें पडली. पुढें ग्राफाइटच्या चौकटी आल्या. हलक्या, रुंद आणि ताठ. विंबल्डनवर लाकडी रॅकेट शेवटची दिसली ती १९८७ सालीं.

साधन बदललें म्हणजे जुनें कौशल्य कसें निराधार होतें, याचा करुण दाखला बोर्गनेंच दिला. पांच वेळां विंबल्डन जिंकलेला हा वीर खेळ सोडून गेल्यावर १९९१ सालीं माँटे कार्लो येथें पुन्हां मैदानांत उतरला, तो जुनीच लाकडी रॅकेट घेऊन. समोर स्पेनचा जोर्दी आरेसे होता. पहिल्याच फेरींत ६-२, ६-३ असा त्याचा पराभव झाला. इतक्या वर्षांच्या खंडाचा वांटा त्यांत होताच; परंतु आजूबाजूचा सर्व खेळ मधल्या काळांत दुसऱ्याच हत्याराचा झाला होता, हेंही तितकेंच खरें.

शेवयांची रॅकेट

आतां एक नवलाची गोष्ट सांगतों. १९७० नंतरच्या दशकांत वेर्नर फिशर नांवाच्या एका जर्मन माणसानें एक विचित्र रॅकेट तयार केली. साधारण रॅकेटमध्यें उभ्या व आडव्या तारा खाटेच्या सुंभासारख्या एकींत एक विणलेल्या असतात. फिशरनें उभ्या तारांचे दोन मोकळे थर केले, आडव्या तारा त्यांच्यामधून नेल्या, आणि वरून प्लास्टिकच्या नळ्या चढविल्या. पाहणारांनीं तिला स्पॅघेटी म्हणजे इटालियन शेवयांची रॅकेट असें नांव दिलें. चेंडू लागला म्हणजे उभ्या तारा बाजूला सरकत आणि लगेच झटक्यानें परत येत. त्या परतीच्या झटक्यानें चेंडूला विलक्षण फिरकी मिळे.

१९७७ सालच्या अमेरिकन स्पर्धेंत मायकेल फिशबाख या अप्रसिद्ध खेळाडूनें अशाच रॅकेटनें स्टॅन स्मिथ या माजी विंबल्डन-विजेत्यास सहज हरविलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत फ्रान्समध्यें एक्स-आं-प्रोव्हांस येथें रुमानियाच्या इली नास्तासेनें ती हातीं घेतली. प्रतिस्पर्धी अर्जेंटिनाचा गिलेर्मो व्हिलास. मातीच्या मैदानावर लागोपाठ त्रेपन्न सामने जिंकून आलेला. दोन सेट गमावल्यावर व्हिलासनें सामना सोडून दिला. चेंडू उसळी घेऊन कोठें जाईल, याचा अदमासच येईना! तोंपर्यंत रॅकेट कशास म्हणावें याची व्याख्याच नियमांत नव्हती. लागलीच या रॅकेटवर बंदी आली, आणि १९७८ सालीं नियम झाला कीं, तारा एकींत एक विणलेल्या अथवा छेदबिंदूंशीं जोडलेल्या असाव्यात, आणि त्यांची वीण सर्वत्र सारखी असावी.

परंतु दारानें घालविलेली गोष्ट खिडकींतून परत आली. १९९७ सालीं ब्राझिलचा गुस्ताव्हो कुअर्तेन, जागतिक क्रमवारींत सहासष्टावा, फ्रेंच स्पर्धा जिंकून गेला. त्याच्या रॅकेटमध्यें एका बेल्जियन कारखान्याची पॉलिएस्टरची तार होती. ही तार ताठ पण अतिशय गुळगुळीत. ती नियमाप्रमाणें विणलेली असते, तरीही चेंडू घांसून मारला असतां उभ्या तारा आडव्यांवरून सरकतात आणि चेंडू सुटण्यापूर्वीं परत येतात. अतिवेगवान छायाचित्रांवरून पुढें हें स्पष्ट दिसून आलें. जी युक्ति १९७८ सालीं नियमानें दारें लावून बाहेर ठेवली, तीच सौम्य रूपानें आज जवळजवळ प्रत्येक व्यावसायिकाच्या हातीं आहे. पुढच्या बाजूस गरगरणारा चेंडू हवेंत खालीं वळतो. म्हणून जाळीवरून हातभर उंच आणि पूर्ण जोरानें मारूनही तो रेघेच्या आंत पडतो. स्पेनच्या राफाएल नादालचा सारा खेळ या फिरकीवर उभा होता.

येथें एक मर्म विसरूं नये. तार सरकते ती हाताच्या वेगानें. ज्याचा हात विजेसारखा फिरतो, त्यालाच पॉलिएस्टर फिरकीचें दान देते. सावकाश मारणारास तिच्यापासून मिळतो तो केवळ ताठपणा आणि त्याचा कोपरावर येणारा धक्का. आमच्या घरीं नेमकें हेंच झालें.

वजन, समतोल आणि हात

तारेइतकाच विचार चौकटीचा करावा लागतो. कुऱ्हाड दांड्याच्या टोकाला धरून फिरवावी, आणि मग पात्याजवळ धरून फिरवावी; वजन तेंच, पण हाताला दोन निराळ्या वस्तु वाटतात. रॅकेटचेंही असेंच आहे. वजन डोक्याकडे असेल, तर ती फिरविण्यास जड, पण चेंडूवर भारी. मुठीकडे असेल तर चपळ, पण वेगवान चेंडूपुढें डळमळणारी. चौकट ताठ असेल तर ती वांकण्यांत ऊर्जा दवडीत नाहीं, म्हणून वेग अधिक; पण धक्काही हाताकडे अधिक येतो. लवचीक चौकट धक्का गिळते, आणि थोडा वेगही गिळते. फुकट कांहींच मिळत नाहीं.

थोर खेळाडूही हा हिशेब चुकवूं शकत नाहींत. स्वित्झर्लंडचा रॉजर फेडरर वर्षानुवर्षें नव्वद चौरस इंचांची लहान रॅकेट वापरीत असे. तरुण प्रतिस्पर्ध्यांचा जोरकस, फिरता चेंडू तिच्या कडेला बसूं लागला, तेव्हां २०१४ पासून त्यानें सत्त्याण्णव चौरस इंचांची घेतली. उभ्या तारा आतड्याच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या, हें आपलें मिश्रण मात्र त्यानें कायम ठेवलें. मऊपणा एकीचा, ताबा दुसरीचा. २०१७ सालीं, पस्तिसाव्या वर्षीं, त्यानें ऑस्ट्रेलियन स्पर्धा नादालला पांच सेटांत हरवून जिंकली. रॅकेटनें त्याला जिंकविलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु इतकें जिंकलेल्या माणसानेंही आपला हट्ट सोडून हत्यार बदललें, हा धडा लहान नव्हे.

घरच्या मंडळींस चार शब्द

यावरून मुलांच्या पालकांनीं काय घ्यावें? मूल लहान असेल, तर त्याच्या उंचीची रॅकेट घ्यावी. एकोणीस इंचांपासून सव्वीस इंचांपर्यंत त्या मिळतात. "पुढें वाढेल तेव्हां उपयोगी पडेल" म्हणून आपण कपडे सैल शिवतों; तो न्याय येथें लावूं नये. दहा वर्षांखालील मुलांच्या सामन्यांत नेहमींचा कठीण चेंडू वापरूं नये, असा नियम आंतरराष्ट्रीय संघानें २०१२ पासून केला आहे. त्यांच्यासाठीं मंद चेंडू मिळतात.

तार मऊ घ्यावी, आणि ताण पन्नास पौंडांच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवून आरंभ करावा. चेंडू वारंवार रेघेबाहेर जाऊं लागला, तर दोन पौंड वाढवावे. आंखूड पडूं लागला, तर दोन पौंड उतरवावे. पॉलिएस्टर तुटत नाहीं, म्हणून ती चांगली आहे असें समजूं नये. ती तुटण्याच्या फार आधीं निर्जीव होते. तिचा ताण उतरतो आणि सरकून परत येण्याची शक्ति जाते. आठवड्यांतून जितके दिवस खेळावें, तितक्या वेळां वर्षाला गटिंग बदलावें, असा जाणत्यांचा आडाखा आहे. मूठही हाताच्या मापाची हवी.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, मूल "दुखतें" म्हणालें, तर तें आळस करतें असें समजण्यापूर्वीं त्याचा हात वैद्यास दाखवावा, त्याची फटका मारण्याची पद्धति शिक्षकास दाखवावी, आणि त्याची रॅकेट स्वतः पाहावी. दुखण्याचें कारण या तिहींपैकीं कोठेंही असूं शकतें; बहुधा तें थोडें थोडें तिन्ही ठिकाणीं असतें.

आमच्या नातीची ती काळी तार आम्हीं स्वतः उभें राहून कापविली. मऊ तार अठ्ठेचाळीस पौंडांवर घालविली, आणि पुढें तिच्या काकूनें परवानगी दिल्यावर तिला मैदानावर नेलें. पहिल्या दिवशीं तिनें भीतभीतच चेंडू टोलविला. तो जाळीवरून निघून थेट मागील रेघेशीं पडला. तिनें एकदां रॅकेटकडे पाहिलें, आणि मग आमच्याकडे. ती कांहीं बोलली नाहीं, आम्हीच म्हणालों, "जोर तुझ्यांत होताच, बाळ. तो आम्हीं आवळून ठेवला होता."

त्यानंतरच्या स्पर्धेंत ती दुसऱ्याच फेरींत हरली. परंतु घरीं येतांच तिनें रॅकेट कोपऱ्यांत टाकली नाहीं, तारांवरून बोट फिरवून तिनें विचारलें, "आजोबा, दोन पौंड वाढवूं या कां?" आम्ही या वेळीं उत्तर दिलें नाहीं. तुझ्या हाताला विचार, असें सांगितलें.